आधी विळी

दुपारी अडीचला आग लागली
आणि नेमकी ओहोटी होती.
समुद्र दाराशी असलेल्या आमच्या वाडीत
पाणी दोनशे पावलं मागे गेलेलं,
मधे गुडघाभर चिखल.
हंडे घेऊन धावलेल्या बायका तिथेच रुतल्या,
आणि माळ्यावरची जाळी वितळत राहिली,
नायलॉनचे निळे, पेटते थेंब
खालच्या गोधड्यांवर.

बंब गुहागरहून आला, बोळाच्या तोंडाशी अडकला.
तोवर विझवायला नुसते वासे उरले होते.

चार घरं.
मी बचत गटाची वही काढली, ती उलटी, मागच्या पानापासून,
पुढची पानं हप्त्यांची म्हणून.
तलाठी आले, पंचनामा झाला: अंदाजे नुकसान.
त्या 'अंदाजे'त शेवंती वासावेची सतरा वर्षं बसवली,
आणि खाली तिचा अंगठा घेतला.
तोच अंगठा रेशनच्या मशीनला ओळखू येत नाही.
आगीमुळे नाही हो,
कोलंबी सोलून सोलून आधीच गुळगुळीत झालाय.

मग सामान येऊ लागलं.
फाल्गुनाच्या उकाड्यात अकरा ब्लँकेटं.
एका पायाचा बूट.
कुणाच्या तरी लग्नातला कोट, खिशात अजून अक्षता.
सगळं लिहून घेतलं.
नको कसं म्हणायचं, देणारा समोर उभा.

शेवंती शाळेच्या पडवीत, भिंतीला टेकून.
म्हटलं, काय हवंय ते सांग, लाजू नको.
म्हणाली, "आधी विळी.
विळी नि एक पाट.
उद्या लिलावात उभी राहते,
बाकीचं माझं मी बघीन."

अकरा ब्लँकेटं होती, विळी एकही नाही.
लोहाराकडून आणली, साडेतीनशेला,
गटाच्या पैशातून, कुणाला न विचारता.

मनालीचा भूमितीचा पेपर तोंडावर.
हेडमास्तरांनी हॉल तिकीट पुन्हा काढून दिलं.
त्यावरचा तिचा फोटो, नखाएवढा,
आता घरातला एकुलता एक फोटो.
शेवंती तो उजेडात धरून बघत बसली,
पोरीला शेवटी ओढून घ्यावा लागला,
पेपरची घंटा होत आली होती.

शिमग्याची पालखी आमच्याकडे सगळ्यात शेवटी येते,
वरच्या आळ्या फिरून, दुखरे खांदे घेऊन.
शेवंतीने निरोप धाडला:
यंदा माझ्याकडे नको. ठेवायची कुठे?
ते ऐकून अश्फाक सोलकर उठला,
होडीच्या शेडवरचे चौदा पत्रे उतरवले.
"पैसे? पावसाळा संपू दे, मग बघू."
पोरांनी चार रात्री खांब रोवले.
एक खांब वाकडा गेला, तो तसाच आहे.

पालखी आली तेव्हा तीन बाजूंना भिंत,
चौथीला निळी ताडपत्री, फडफडणारी.
काळ्या पडलेल्या चौकटीपाशी भोई क्षणभर थबकले.
शेवंतीने शेणाने सारवलं होतं, अजून ओलं.
नारळ उसना, तांदूळ उसने,
ओटी मात्र तिने स्वतः भरली, घाई न करता.
खाली राख होती, वास येत होता. ढोल वाजले.

म्हणून सगळं झालं असं नाही.
जाक्करांचा फोन लागत नाही,
ते जैतापूरला मेहुण्याकडे गेले ते गेलेच.
यमुनाकाकू अजून पडवीत झोपतात,
पत्र्याच्या आवाजाने दचकतात.
चौथ्या घराचे कागद कुठल्या टेबलावर आहेत
ते टेबलालाच ठाऊक.
बोळ तेवढाच अरुंद आहे.

काल संध्याकाळी शेवंती आली,
हाताला सुरमईचा वास,
पदराच्या गाठीतून चाळीस रुपये काढले.
"विळीचे. दर आठवड्याला देईन."
मी म्हटलं, अगं ती मदत होती.
ती काही बोलली नाही, नोटा सरळ केल्या,
वहीवर ठेवल्या.

पेन उघडून बसलेय कधीची.
हे मागच्या पानावर लिहू
की पुढच्या?